परत आलेलं प्रस्थान

१

मंगळवारी सकाळी आमच्या व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर एक हिरवं गाठोडं सापडलं. ते तिथे असायला नको होतं. त्याची जागा चार घरं पलीकडे, देवव्रतरावांच्या देवघरात होती, आणि बुधवारी संध्याकाळी रोहिणी मस्कतला निघेपर्यंत ते हलायचं नव्हतं.

मी मालती. कर्जतमधल्या एका शाळेत जन्मभर पोरं हाकली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन घरी बसले. वर्गात कोणी कोणाचा डबा खाल्ला हे मी नुसती तोंडं बघून सांगत असे. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं आणि घरी बसणं शब्दशः खरं झालं. डॉक्टर म्हणाले, बाई आता उठणार नाहीत. रोहिणी म्हणाली, बघू. कशेळ्याच्या वरच्या वाडीतली ही बाई, रुग्णसेवेचा कोर्स केलेली. तिनं माझ्या शिव्या खाऊन मला उठवलं, वॉकर धरायला लावला आणि व्हरांड्यापर्यंत आणलं.

त्याच रोहिणीला मस्कतमध्ये एका पक्षाघात झालेल्या म्हातारीच्या सेवेचं काम मिळालं होतं. सगळं रीतसर, सरकारी दारातून. ती जाऊ नये असं मला वाटत होतं का? हो, वाटत होतं. पण मला वाटतं म्हणून तिनं थांबायचं असेल, तर मी इतकी वर्षं मुलींना शिकवलं काय?

अडचण एकच होती. बुधवारी अमावस्या होती. रोहिणीची सासू आवडी हबकली होती. "आवसंला घराभायेर पाय ठिवायचा का बाई?" असं तिनं मला दहादा विचारलं. मग मी आमच्याकडची जुनी रीत काढली. निघायचा दिवस बरा नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं प्रस्थान ठेवतात. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाची एखादी वस्तू गाठोड्यात बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस शास्त्रापुरता निघालेला असतो. खरा निघताना गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं.

गुरुवारी मुहूर्त चांगला होता. आवडीनं आपल्या शेतातला तांबडा, हातसडीचा तांदूळ आणला, मी सुपारी दिली, रोहिणीनं आपली जांभळी ओढणी घातली आणि गाठ मारली. देवव्रतरावांचं घर पश्चिमेला, मस्कतही पश्चिमेला. "बिनधास्त ठेव," मी तिला म्हटलं होतं. "प्रस्थानाला कोणी हात लावत नाही."

आणि आता ते झोपाळ्यावर होतं.

सोमवारची रात्र रोहिणी आपल्या मुलीजवळ, अक्षदाजवळ, वाडीवर राहिली होती. सकाळी ती आणि आवडी जीपमधून उतरल्या. मागच्या दारानं आत येऊन तिनं मला उठवून बाहेर आणलं आणि आम्हा दोघींना एकदमच ते दिसलं. माझा मुलगा हेमचंद्र चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"अरेरे," तो म्हणाला. "प्रस्थान परत आलं? आवडीमावशी, हे फार वाईट हो. आमच्यात असं झालं की जाणारा जात नाही. आणि गेलाच तर..."

त्यानं चहाचा घोट घेतला. आवडी तिथेच पायरीवर बसली.

रोहिणी मात्र गाठोड्यावर झडप घालावी तशी वाकली. गाठ सोडली. मूठभर पांढरे तांदूळ तिच्या मांडीवर सांडले. सुपारी होती, हळकुंड होतं, ओढणी होती. ओढणी तिनं तीनदा झटकली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "यात माझा पासपोर्ट होता."

२

"गाठोड्यात पासपोर्ट?" मी ओरडलेच.

"तुमीच बोल्लात, त्याला कोन हात लावत नाय," रोहिणी म्हणाली. "शिळफाट्याचा तो एजंट, साईनाथ, रोज मागं लागला होता, पासपोर्ट दे, शिक्का मारून आनतो. घरात कुलूप नाय. मला वाटलं, देवाच्या गाठोड्यापरीस चांगली तिजोरी कुठली? ओढनीत गुंडाळला नि बांधला. कोनाला बोल्ली नाय."

माझ्याच शब्दावर विसंबून बाई फसली होती. मला स्वतःचा संताप आला. नवा पासपोर्ट एका दिवसात होत नाही. रोहिणी बुधवारी विमानात बसली नाही, तर काम यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होतं, आणि अक्षदाला नर्सिंगला पाठवायचं जे ती ठरवून बसली होती ते तिथेच संपणार होतं. पोलिसांत गेलो असतो, पण जबाब आणि पंचनाम्यासाठी विमान थांबत नाही.

"रडायचं नाही," मी तिला म्हटलं.

"रडतंय कोन?" ती म्हणाली. "तुमी शोधा. तवर मी बॅग भरते."

हेमचंद्र खोपोलीच्या कारखान्यात केमिकल इंजिनियर; त्याची बायको सई टोरांटोला, मुलाकडे, मिहीरकडे गेलेली. तो मान हलवत कामाला गेला. मी देवव्रतरावांना बोलावून घेतलं. हे आमचे जुने शेजारी, औषधांचं दुकान मुलाला देऊन मोकळे झालेले, एकटेच राहतात.

"वहिनी, काल संध्याकाळी दिवा लावला तेव्हा गाठोडं होतं," ते म्हणाले. "सकाळी मी उल्हासच्या काठानं फिरायला जातो, दार नुसतं लोटलेलं असतं. आल्यावर देवघरात गेलोच नाही."

"दार लोटलेलं असतं हे कोणाला माहीत आहे?"

"अख्ख्या आळीला. माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? मधुमेह झाल्यापासून तांदळाचा दाणासुद्धा नाही घरात." मग ते जरा घुटमळले. "एक सांगू का? काल संध्याकाळी रोहिणीचा नवरा आला होता. विकास. देवघरात एकटाच बसला होता बराच वेळ."

बाहेर विकासची जीप उभी होती. मी त्याला हाक मारली. तो आत आला आणि माझी नजर चुकवून चपला काढत राहिला.

३

विकास कशेळे–कर्जत जीप चालवतो. बायको परदेशी जाणार हे कळल्यापासून स्टँडवरची पोरं त्याची टर उडवत होती, हे मला ठाऊक होतं.

"काल गाठोड्यापाशी काय करत होतास?" मी विचारलं.

त्याची मान खाली गेली. "पाया पडाया गेलो होतो."

"बराच वेळ?"

"बाई, मी पयले नायच म्हनलेलो," तो म्हणाला. "दुसऱ्याची भांडी घासाया परदेशात कशाला? मंग ती बोल्ली, तू जीप चालवतोस ती तुझ्या बापाची हाय का? दुसऱ्याचीच ना? मंग तू काम करतो नि मी काय लाज काढते? तवापास्नं नाय म्हनायचं सोडलं." त्यानं मान वर केली. "आता अक्षदाची येनी मीच घालतो. वाकडी हुते, पन घालतो. काल म्हनून बसलो होतो थितं. दोन वर्सं लय असतात."

"गाठोडं उघडलंस?"

"उघडलं नाय. पन हातात घेतलं होतं. आत काय तरी कडक लागलं. वाटलं, सुपारीचं खांड असंल. तांबडे दोन दानं गाठीतून भायेर आलते, ते आत ढकलले."

त्याचं तोंड मी नीट वाचलं. तो दुःखी होता, खोटा नव्हता. पण माझं वाचन हा काही पुरावा नव्हे.

मग साईनाथ. त्याला फोन केला तर अर्ध्या तासात दारात हजर. या माणसाचा काका पूर्वी बायकांना आखातात पाठवायचा. आवडीची धाकटी बहीण ठकी त्यानंच पाठवली होती. वर्षभर तिचे फोन आले, मग बंद झाले. ठकी परत आली नाही आणि काकाला कोणी विचारलं नाही. साईनाथला बघताच आवडी उठून आत निघून गेली.

"बाई, झालं ते वाईट झालं," साईनाथ म्हणाला. "पण मी आहे ना. नवा पासपोर्ट काढून देतो. फक्त मग जायचं माझ्या पार्टीकडे, व्हिजिट व्हिसावर. मस्कतचं राहू दे."

"पासपोर्ट गेला हे तुला कोणी सांगितलं?"

"स्टँडवर सगळे बोलतायत. पण मला एक कळलं नाही," तो हसत म्हणाला, "पासपोर्ट कपाटात ठेवायचा सोडून भाताच्या गाठोड्यात कशाला? आणि गाठोडं परत आलं तर एवढं रडायला काय झालं? उलट मिळालं की."

"ऊठ," मी म्हटलं. "आणि या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. रोहिणी तुझ्याकडून कुठेही जाणार नाही."

तो गेला. पण जाता जाता एक फार मोलाची गोष्ट बोलून गेला होता, आणि ती त्याला स्वतःला कळली नव्हती.

४

दुपारी रोहिणीनं भात, वरण आणि शेवग्याच्या शेंगांची भाजी वाढली. माझी भूक मेली होती, पण उपाशी डोक्यानं विचार होत नाही. तिसऱ्या घासाला माझ्या कवळीखाली काहीतरी कचकन आलं.

"खडा आहे," मी म्हटलं.

रोहिणीनं माझ्या ताटात बोट घातलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "खडा नाय बाई. दाना हाय. कच्चा ऱ्हायलाय."

मी दाणा चष्म्याजवळ नेला. तांबडा होता. आमच्याकडे वर्षानुवर्षं आंबेमोहोर येतो. तांबडा दाणा आमच्या डब्यात कधी नव्हता.

"तांदळाचा डबा आण," मी म्हटलं.

डबा आला. पांढऱ्या आंबेमोहोरावर वरच्या थरात तांबडे दाणे मिसळलेले दिसत होते; पासपोर्टच्या काळजीत रोहिणीनं तांदूळ काढताना ते पाहिलेच नव्हते. मी डोळे मिटून बसले. पहाटे बिछान्यात पडल्या पडल्या मी एक आवाज ऐकला होता. स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा. हेमूनं चहा केला असेल, असं मला वाटलं होतं. पण चहाच्या डब्याचं झाकण प्लास्टिकचं आहे. वाजतं ते तांदळाच्या पितळी डब्याचं.

मला सगळं कळलं. कळू नये असं फार वाटलं, पण कळलं.

"बाई, काय झालं?" रोहिणी म्हणाली. "तोंड का असं केलंत?"

"संध्याकाळी सगळ्यांना बोलाव," मी म्हटलं. "आणि हा डबा माझ्या खुर्चीपाशी राहू दे."

५

हेमचंद्र कारखान्यातून आला तेव्हा दिवाणखाना भरलेला होता. देवव्रतराव, विकास, आवडी, दारापाशी रोहिणी. मी त्याला समोर बसायला सांगितलं. लहानपणी वहीत शेरा मिळाल्यावर बसायचा तसाच तो बसला.

"ज्याला पासपोर्ट हवा होता," मी सुरुवात केली, "तो काय करील? पासपोर्ट काढील, गाठ पुन्हा मारील आणि गाठोडं जागच्या जागी ठेवील. बुधवारपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. चोर कधी रिकामं पाकीट मालकाच्या दारात आणून ठेवतो का? म्हणजे या माणसाला पासपोर्ट नको होता. त्याला गाठोडं परत आणायचं होतं. पासपोर्ट हाताला लागला तो नंतर."

"पन गाठोडं परत आनून कोनाला काय मिळनार?" विकासनं विचारलं.

"हाच प्रश्न. साईनाथ सकाळी म्हणाला, परत आलं तर बरंच झालं की. त्याला अर्थ माहीत नाही. तुला आणि आवडीला मी प्रस्थान ठेवायचं सांगितलं, पण ते परत आलं तर अपशकुन मानतात हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. आधीच ती घाबरलेली. सकाळपर्यंत हे माहीत असणारी माणसं तीन. मी, देवव्रतराव आणि हेमू. मला तर पलंगावरून उठायला माणूस लागतं."

देवव्रतरावांनी घसा खाकरला. मी हात वर केला.

"गाठोड्यात आवडीचा तांबडा तांदूळ होता. काल संध्याकाळी विकासनं तो पाहिला. आज सकाळी निघाला पांढरा. देवव्रतरावांच्या घरी तांदूळच नाही. म्हणजे गाठोडं उघडलं ते इथे, आमच्या स्वयंपाकघरात."

"मग रोहिणीनंच केलं असेल," हेमचंद्र म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता. "मन बदललं असेल तिचं. सांगायची लाज वाटली असेल. स्वयंपाकघर तिच्याच तर ताब्यात असतं."

रोहिणी दारातून एक पाऊल पुढे आली. मी तिला थांबवलं आणि डब्याचं झाकण काढलं.

"हे बघ. गाठोड्यातला तांबडा तांदूळ यात ओतलाय. हेमू, तू लहान असताना मी दोन गोष्टी तुझ्या डोक्यात बसवल्या होत्या. जमिनीवर सांडलेला दाणा देवाला ठेवायचा नाही. आणि अन्न टाकायचं नाही. या माणसानं तेच केलं. आतलं कडक काय आहे ते बघायला गाठोडं सोडलं, तांदूळ फरशीवर सांडला. तो देवाच्या गाठोड्यात परत घालवेना आणि केरात टाकवेना. म्हणून डब्यात ओतला, आणि डब्यातला स्वच्छ तांदूळ गाठोड्यात बांधला. चोरी करतानाही आईचं ऐकलं. याचा मला अभिमान वाटावा की काय, ते कळत नाही."

डब्याचं झाकण मी पुन्हा लावलं. मी पुढे म्हटलं, "आता रोहिणीचं. रात्री ती वाडीवर होती, हे सोडून देऊ. रोज भात लावणारी बाई तांबडा तांदूळ आंबेमोहोरात कधीच मिसळणार नाही. तांबड्याला शिजायला वेळ लागतो, पांढऱ्याचा तोवर चिखल होतो. हे ज्याला माहीत नाही, त्यानं आयुष्यात कधी भात लावलेला नाही. या खोलीत आवडी लावते, रोहिणी लावते, विकास आता लावतो, देवव्रतराव एकटे असल्यानं सगळं करतात. मी जन्मभर लावला. राहिला कोण?"

हेमचंद्र खाली बघत होता. मग उठला, जिना चढून गेला आणि खाली आला तेव्हा त्याच्या हातात निळा पासपोर्ट होता. तो रोहिणीला द्यायचं त्याला धाडस झालं नाही. त्यानं तो टेबलावर ठेवला.

"मी फाडला नाही, आई," तो म्हणाला. "चोरायचाही नव्हता. त्या घाबरून थांबतील एवढंच वाटलं होतं. मग हा आत सापडला आणि... सई तिकडे टोरांटोला, मिहीर तिकडेच. मी एकटा तुझं कसं करणार? तुला उठवायचं कसं हेही मला माहीत नाही."

तो खरंच घाबरलेला होता. मुलाची दया आली मला. पण दया आली म्हणून गप्प बसायचं हे मला कधी जमलं नाही.

"मिहीर गेला तेव्हा तू आळीभर पेढे वाटलेस," मी म्हटलं. "त्याचंही प्रस्थान देवव्रतरावांकडेच ठेवलं होतं. सई सुनेचं बाळंतपण काढायला गेली, तिचंही तिथेच. सई तिकडे काय करते? बाळाची दुपटी धुते, डिंकाचे लाडू वळते, लादी पुसते. तेच काम. फक्त तिला पगार नाही, म्हणून तुला ते प्रेम वाटतं. रोहिणी त्याच कामाचा पगार घेणार, तर तुला अपशकुन आठवला. एरवी पंचांगाला थोतांड म्हणणारा तू."

रोहिणीनं पासपोर्ट उचलला. पान उघडून आपला फोटो बघितला. मग हेमचंद्रसमोर उभी राहिली.

"साहेब, दोन वर्सं मी तुमच्या आईला उचलली," ती म्हणाली. "एकदा तरी विचारलं असतंत, कशी उचलायची, तर शिकवलं असतं. तुमी मलाच धरून ठिवायला बघितलं."

"तक्रार करायचा तुला हक्क आहे," मी तिला म्हटलं. "मी साक्ष देईन. माझा मुलगा असला तरी."

"ठावं हाय," ती म्हणाली. "आता तक्रार केली तर उद्याचं इमान सुटंल. आल्यावर बघते. तवर साहेबांनी काय करायचं ते मी दाखवून जाते." आणि तिनं खरोखर त्याला माझ्या खुर्चीमागे उभं केलं, त्याचे हात माझ्या काखेत घालून दिले आणि म्हणाली, "गुडघ्यातून वाका. पाठीतून नाय."

मी उठले. पहिल्याच खेपेला.

६

एकच गोष्ट राहिली होती, आणि ती माझ्या हातात नव्हती. आवडी भिंतीला टेकून बसली होती. पासपोर्ट मिळाला तरी तिचा चेहरा उजळला नव्हता. गाठोडं परत आलं होतं ते आलंच होतं, मग ते कोणीही आणलेलं असो. तिनं पाय धरले असते तर रोहिणी गेली नसती, हे आम्ही सगळेच जाणत होतो.

"आवडी," मी म्हटलं, "तुझं मन मानत नसेल तर बोल."

तिनं झोपाळ्यावरचं गाठोडं आणायला सांगितलं. मांडीवर घेतलं. पांढरे तांदूळ काढून बाजूला ठेवले आणि कनवटीला राहिलेले तांबडे चार दाणे आत घातले.

"आमची ठकी गेली," ती म्हणाली, "तवा तिचं पन गाठोडं होतं. माज्याच हातानं बांधलेलं. ते गेलं, नि परत आलं नाय. तीबी आली नाय. आजवर वाट बगते मी." तिनं गाठ आवळली. "हिचं गाठोडं जाऊन परत आलं. म्हंजे काय? म्हंजे हीबी जाऊन परत येनार. यात वाईट कसलं? तुमच्यात असंल वाईट. आमच्यात नाय. ऊठ गं रोहिनी, बॅगंत घाल हे."

रोहिणीनं सासूच्या गळ्यात हात टाकला. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. रडत होते, सांगायला हरकत नाही.

बुधवारी संध्याकाळी, भर अमावस्येला, मी तिच्या हातावर दही ठेवलं. विकासनं जीपला हार घातला होता आणि स्टँडवरच्या चिडवणाऱ्या पोरांसमोरून ती मुद्दाम सावकाश नेली. आवडी पुढच्या सीटवर ताठ बसली होती.

जीप दिसेनाशी झाल्यावर हेमचंद्रनं मला आत आणलं. गुडघ्यातून वाकून. मग विचारलं, "आई, जेवायला काय करू?"

"भात लाव," मी म्हटलं. "आधी डब्यातले तांबडे दाणे वेगळे काढ."

तो परात घेऊन फरशीवर बसला. एक एक दाणा बोटानं बाजूला सारत होता, आणि डबा चांगला मोठा होता. थोड्या वेळानं त्यानं वैतागून माझ्याकडे बघितलं.

"सावकाश निवड," मी म्हटलं. "तिला यायला दोन वर्षं आहेत."